फिल्म काढायची नाही

नजीरभाईंच्या घरी मी कितीदा तरी गेले, पण त्यांच्या फ्रिजला अजून माझा हात लागलेला नाही. लागलाय तो फ्रिजवरच्या प्लॅस्टिकला. नव्या वस्तूवर ओरखडे पडू नयेत म्हणून कंपनीवाले जी पातळ फिल्म चिकटवून देतात, ती या माणसाने आजवर कशाचीच काढलेली नाही. फ्रिजची नाही, मिक्सरची नाही, भिंतीवरच्या घड्याळाची नाही, आणि स्कूटीच्या सीटची तर नाहीच. उन्हाळ्यात त्या सीटवरून उतरताना पट्टी उपटल्यासारखा आवाज होतो. त्यांची बायको शमीमभाभी म्हणते, "बरं झालं ताई, मी या घरात बिनाफिल्मची आली."

आता माझा स्वभाव असा, की कशाचाही कोपरा सुटलेला दिसला की बोटं शिवशिवतात. एकदा चहा पिता पिता मी त्या घड्याळाच्या फिल्मचा कोपरा नुसता चिमटीत धरला, तर नजीरभाई बशी खाली ठेवून उभेच राहिले. "फिल्म काढायची नाही, ताई!" गॅसचा नॉब चालू राहिल्यासारखे ओरडले. मी म्हटलं, ठेवा बाई तुमची फिल्म, लोणच्यात घाला.

लोणारच्या स्टँडमागच्या गल्लीत माझं ब्लाउज शिलाईचं आणि मॅचिंगचं दुकान. भिंतीला भिंत लागून नजीरभाईंचं पाट्यांचं, आणि त्यामागेच त्यांचं घर. पूर्वी ते ब्रशने रंगवायचे. मी या गल्लीत आले तेव्हा मात्र त्यांनी नुकतंच मशीन घेतलं होतं. मशीन म्हणजे कॅरमबोर्डापेक्षा थोडं मोठं टेबल, त्यावर मागेपुढे सरकणारी एक मोटर आणि मोटरीच्या तोंडात बारीकसं बिट. कॉम्प्युटरवर अक्षर काढायचं, की बिट ते काचेसारख्या पारदर्शक प्लॅस्टिक शीटमधून कोरून काढतं. सुटे भाग खोक्यांतून आले, आणि नजीरभाईंनी मोबाईलवर व्हिडिओ बघून ते जोडले. पहिल्याच दिवशी बिट शीटमध्ये शिरलं, तिथंच गरगरत बसलं आणि प्लॅस्टिक वितळून त्याच्याभोवती गोळा झालं. नजीरभाई तो गोळा घेऊन माझ्या दुकानात आले. "पाहा ताई, लेकाचं भजं झालं!"

मग त्यांना त्यातली मेख कळली. बिट रेंगाळलं की तापतं आणि प्लॅस्टिकचा धागा सुटायला लागतो. धागा सुटला की समजायचं शीट वितळणार. बिट बेताने पुढे सरकत राहिलं तर कोरडा भुगा पडतो आणि कड स्वच्छ निघते. तेव्हापासून त्यांचं एकच पालुपद. "भुगा पडला तं धंदा, धागा निंघाला तं वांधा." हे ते मला सांगत, गिऱ्हाइकाला सांगत आणि नमाजाहून परतताना वाटेत भेटेल त्यालाही सांगत.

पण धागा सुटतोय हे सगळ्यांत आधी कळायचं ते त्यांच्या धाकट्या भावाला, युनूसला. युनूस मशीनजवळ स्टुलावर बसलेला असतो. त्याला दिसत नाही. तो लोकांच्या शेतात रोजाने फवारणीला जायचा. एका हंगामात कपाशी माणसाच्या डोक्यावर गेली होती, पाठीवर पंप, नळी वर धरून फवारायचं. वारं फिरलं आणि सगळं औषध डोळ्यांत आलं. बुबुळांवर पांढरं जाळं धरलं. मी येण्याच्या आधीची ही गोष्ट. त्याला घरात बसवेना, म्हणून नजीरभाईंनी हे आवाज करणारं मशीन आणलं, असं भाभी सांगते. मशीनचा सूर जरा जड झाला की युनूस म्हणतो, "भाई, धागा!" आणि मोबाईलमध्ये गुंगलेले नजीरभाई धडपडत बटणाकडे धावतात.

माझं नजीरभाईंशी भांडण व्हायचं ते त्या भुग्यावरून. तो पांढरा भुगा अंगाला चिकटतो, झटकला की आणखी चिकटतो. माझ्या काळ्या मखमलीच्या ब्लाउजपीसवर एकदा असा बसला की गिऱ्हाईक म्हणालं, हे टिकल्यांचं काम मी सांगितलं नव्हतं. मी तणतणत गेले, तर हे शांतपणे म्हणाले, "मंग टिकल्याचे पैसे घ्या ना!"

तेव्हा त्यांचं बरं चाललं होतं. बियाण्याच्या दुकानांना दरवर्षी नव्या वाणाची नवी पाटी लागायची. प्लॅस्टिकमध्ये कोरलेलं कपाशीचं बोंड, खालून हिरवा दिवा. या वाणाला बोंडअळी लागतच नाही, असं प्रत्येक पाटीवर असायचं. मग एका वर्षी गुलाबी अळी त्या बोंडांतही शिरली. शेतकऱ्यांचे चेहरे उतरले, दुकानदार पाट्यांचं नाव काढीनात. नजीरभाई म्हणाले, "अळीनं माह्या पाट्या बी खाल्ल्या, ताई." मशीन दिवस दिवस बंद राहायला लागलं. युनूस तरी त्याच स्टुलावर बसून असायचा.

आणि अशात नजीरभाई माझ्याकडे इलॅस्टिक मागायला लागले. आधी थोडं, मग गुंडाळीच्या गुंडाळी. मी विचारलं, कशाला हो? "लागून राह्यलं," एवढंच. माझ्या मनात पाल चुकचुकली. भाभीने शिलाई सुरू केली की काय? मी भाव वाढवून पाहिला, तरी न्यायचे. शेवटी एका दुपारी पाणी मागायच्या निमित्ताने मी आत घुसले. मशीन चालू होतं. पातळ, वाकणाऱ्या शीटमधून तोंडाएवढे तुकडे कापले जात होते. युनूस वरच्या कडेला स्पंज चिकटवून, भोकांतून माझंच इलॅस्टिक ओवत होता.

"फवारणीवाल्यायसाठी," नजीरभाई ओशाळून म्हणाले. "तोंडावर बांधायचं. यंदा अळीमुळे औषध डबल मारून राह्यले लोक."

"ऑर्डर कोणाची?"

"कोनाची नाही. म्हटलं, मशीन रिकामंच हाय." मी दुकानात येऊन इलॅस्टिकचा भाव उतरवला. मला स्वतःचीच लाज वाटली.

त्यांनी पहिला गठ्ठा स्कूटीवरून सुलतानपूरला नेला आणि मजुरांना स्वतः वाटला. माझ्या दिरांचं शेत तिथंच आहे. पुढच्या आठवड्यात मी गेले तर काय बघावं! मजूर तोंडावर ढाली बांधून फवारत होते, पण चाचपडत. एक जण शेताच्या धुऱ्यावरून घसरून पडला. दुसऱ्याने सरळ दिरांच्या मोटरसायकलवर औषध मारलं. मी जवळ जाऊन पाहिलं, तर प्रत्येक ढालीवर कंपनीने शीटला लावलेली दुधाळ फिल्म दोन्ही बाजूंनी तशीच.

"काढा की हो ती!"

"नजीरभाईनं सांगतलं ना ताई, फिल्म काढायची नाही."

परतल्यावर मी हा किस्सा हसत हसत सांगितला. नजीरभाई हसले नाहीत. मशीन अर्ध्या अक्षरावर होतं. त्यांनी ते तसंच बंद केलं. "जबानीले सवयच लागली," म्हणाले आणि निघाले. मीही मागे बसले, कारण पुढे काय होतं ते बघितल्याशिवाय मला झोप लागली नसती. शेतात उभं राहून त्यांनी एकेकाच्या तोंडावरची फिल्म आपल्या हाताने सोलली. प्रत्येकाला विचारत होते, "दिसून राह्यलं ना, भाऊ? साफ दिसते ना?"

परतीच्या वाटेवर मला राहवेना. म्हटलं, "मग घरच्या फिल्मनी काय पाप केलंय?"

ते म्हणाले, "युनूसचे डोये गेल्यावरच आल्या ना त्या चिजा. फ्रिज, घड्याळ, हे गाडी. तो पाह्यन तवा काढू. त्यानं जुनं काऊन पाहावं?"

मी सीटवरची फिल्म मुठीत घट्ट धरली.

गल्लीत उतरलो तेव्हा ते गाडी लावायला गेले आणि मी भाभीला सांगायला आत शिरले. भाभी नव्हती. युनूस भिंतीशी उभा होता. घड्याळाच्या फिल्मचा तो कोपरा बोटांनी हुडकून तो अंगठ्याने दाबत होता. कोपरा पुन्हा सुटत होता, तो पुन्हा दाबत होता. माझी चाहूल लागली तसा हळूच म्हणाला, "ताई, भाई मांगं नाही ना?"

"नाही."

"डॉक्टरनं मले साफ सांगतलं, आता नाही दिसनार. भाई तवा बाहेर चपला घालून राह्यला व्हता." अंगठा कोपऱ्यावर तसाच. "त्याले नोका सांगू. हे चिकटून राहाले पायजे."

मी दुकानात गेले, चिकटपट्टी आणली, आणि तो कोपरा नीट बसवून दिला.