वाऱ्याने मारलेली गाठ

शाळेतून निवृत्त झालेल्या बाईंच्या छपरावर छावणीची हिरवी ताडपत्री होती, आणि ही गोष्ट बाई सोडून कुणालाही ठाऊक नव्हती. निदान बाईंना तसं वाटत होतं.

तीन महिन्यांपूर्वी वादळ झालं तेव्हा बाई बहिणीकडे होत्या. परत आल्या त्या मनाची तयारी करूनच. कारण त्यांचा पत्रा गळायचा तो नेमका पलंगावर. पण बघतात तो गादी कोरडी ठाक! अंगणात येऊन वर पाहिलं, तर गळक्या जागेवर ताडपत्री. भिंतीपलीकडे सैन्याची छावणी होती. वाऱ्याने तिथून उडवली आणि नेमकी इथे आणून टाकली, दुसरं काय? बाईंनी देवापुढे दिवा लावला. मग चष्मा लावून पुन्हा वर पाहिलं, तर ताडपत्रीच्या कडेला पांढऱ्या रंगात छावणीचा नंबर.

देवाने दिलेल्या वस्तूवर दुसऱ्याचा नंबर कसा, या प्रश्नापाशी बाई अडखळल्या. उद्या परत करू, असं त्यांनी ठरवलं. रोज सकाळी हात जोडताना त्या देवालाही तसं सांगत. तो उद्या तीन महिने चालला होता.

आणि आज गल्लीतला रंगारी धापा टाकत आला. तो बाईंचाच विद्यार्थी.

"बाई, छावणीचा माणूस घरोघर फिरतोय! हातात कागद आहे. मला म्हणाला, बाईंची चौकशी करायचीय."

"माझी चौकशी?" बाई मटकन पायरीवर बसल्या. छत्तीस वर्षं त्यांनी 'दुसऱ्याच्या पेन्सिलीलासुद्धा हात लावायचा नाही' हे मुलांना बजावलं होतं. अर्धं गाव त्यांच्या हाताखालून गेलेलं. आता तेच गाव म्हणणार, पेन्सिल नको, बाईंना ताडपत्रीच हवी होती!

"काढू का वरून?" रंगाऱ्याने विचारलं.

"तुला कसं रे माहीत?"

"बाई, अख्ख्या गल्लीला माहीत आहे. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून कुणी बोलत नाही."

शिडी लागली. रंगारी वर गेला आणि बराच वेळ नुसताच कण्हत राहिला.

"बाई, गाठ सुटेना! चारही कोपऱ्यांना दोरी आहे. विटापण ठेवल्यात."

"वारा फार होता रे त्या दिवशी," बाई खालून म्हणाल्या. घाबरलेलं माणूस कशावरही विश्वास ठेवतं.

"कापू?"

"नको नको! चोरी ती चोरी, वर नुकसान?"

"मग रंगवतो. पत्र्याचा तांबडा रंग आहे माझ्याकडे. नंबरपण झाकला जाईल."

हे खोटं होतं, आणि बाईंना ते चांगलं कळत होतं. त्या 'हो' म्हणाल्या नाहीत. फक्त डबा वर देताना तो सांडू नये म्हणून घट्ट धरला.

अर्धी ताडपत्री रंगवून होते न होते तोच फाटक वाजलं. इस्त्रीच्या गणवेशातला एक जवान अदबीने उभा होता. वर रंगारी पत्र्याला पालीसारखा चिकटला.

"नमस्कार, आजी. आमच्या नव्या साहेबांचा हुकूम आहे, शेजाऱ्यांची चौकशी करून यायची. घरी कोण कोण असतं?"

"मी एकटीच."

"पाणी येतं वेळेवर?"

"येतं."

"छप्पर गळतं का?"

बाईंच्या तोंडचं पाणी पळालं. "गळत नाही... म्हणजे गळायचं... आता का गळत नाही ते मला नाही माहीत!"

टप्पकन एक तांबडा थेंब कागदावर पडला, बरोबर 'छप्पर' या शब्दावर. जवानाने वर पाहिलं. वर रंगाऱ्याचा पाय सटकला आणि त्याने हाताला लागलं ते दोरीचं टोक धरलं.

"अहो, ते टोक नका ओढू!" जवान ओरडला. "ते ओढलं की सुटते ती गाठ!"

सुटलीच. ताडपत्री, रंगारी आणि उरलेला डबा असा सगळा संसार जवानाच्या अंगावर आला. पत्रा बुटका होता म्हणून बरं. कुणाला लागलं नाही, फक्त जवानाचा गणवेश कमरेपर्यंत तांबडा झाला.

बाई त्याला पुसायला धावल्या आणि मध्येच थांबल्या.

"तुला रे कसं माहीत, कुठलं टोक ओढलं की गाठ सुटते ते?"

ताडपत्री आल्यापासून हरवलेला बाईंचा शाळेतला आवाज परत आला होता. जवान आपोआप ताठ उभा राहिला. शेजारी रंगारीही.

"मीच मारली होती, बाई." आजीची बाई कधी झाली हे त्यालाही कळलं नाही. "वादळात टेहळणीच्या मनोऱ्यावरून तुमचा पत्रा उचकटताना दिसला. हाका मारल्या, घरात कुणी नव्हतं. मग भिंतीवरून उडी मारून आलो. पण विनापरवानगी कुणाच्या घरावर चढलो, हे साहेबांना कळलं तर... म्हणून इतके दिवस गप्प होतो. तुम्ही तक्रार करणार का?"

"म्हणजे तू माझी चौकशी करायला आला नाहीस?"

"तीच करतोय की! बऱ्या आहात ना, एवढंच विचारायचं होतं."

बाईंना हसू येत होतं आणि डोळेही भरले होते. त्यांनी पदराने आधी जवानाचा कान पुसला.

"शेवटचा प्रश्न राहिला, बाई," तो हळूच म्हणाला. "छावणीविरुद्ध काही तक्रार?"

"लिही. छावणीकडचा वारा न विचारता घरावर चढतो. गाठी मात्र छान मारतो."

त्याने प्रामाणिकपणे शब्दन् शब्द लिहून घेतला.

आठ दिवसांनी छावणीतून शिक्क्याचं पाकीट आलं. बाईंनी चष्मा लावून वाचलं: 'आपल्या तक्रारीची दखल घेतली आहे. संबंधित वाऱ्यास समज देण्यात आली असून, तो रविवारी सकाळी दहा वाजता, आपली परवानगी असल्यास, नवे पत्रे घेऊन येईल.'