म्युझिकच्या नऊ बहिणी

आमच्या वेळापुरात इंग्रजी शब्दाची कुळी सांगावी तर ती मीच! हायस्कुलात इंग्रजी शिकवत होतो आणि सोलापूरहून जाडजूड डिक्शनरी आणली होती. असा विद्वान स्वतःच्या लग्नात तरी गप्प बसेल? नाही बसला.

चौऱ्याहत्तर साल. सासुरवाडी अकलूजच्या अलीकडे. वेशीबाहेरच्या विहिरीपाशी मला घोड्यावर बसवलं. बँडवाल्या हिंदुरावाच्या नव्या टोपीवर जरीत लिहिलं होतं, ‘म्युझिक’.

“मास्तर, ह्येचा अर्थ काय वो? आमी नुस्तंच डोक्यावर घिऊन हिंडतोय.”

झालं! मी घोड्यावरूनच तास सुरू केला. “मूळ शब्द ग्रीक. तिकडं म्यूझ नावाच्या नऊ बहिणी. देवीच त्या! गाणं, नाच, कविता, इतिहास, आकाशातले तारेसुद्धा त्यांच्याकडं. त्यांचं जे जे, ते म्युझिक. पुढं त्यातलं नुसतं गाणं-वाजवणं उरलं.”

माझी आत्या, बजाबाई, विहिरीवर साती आसरांची ओटी भरत होती. आमच्याकडं वऱ्हाड पाण्यापाशी थांबलं की या सात बहिणींना खण-नारळ द्यावाच लागतो. तिचा हात थांबला.

“नऊ? आन आमी सातच पुजतोय व्हय? दोघी उपाशीच की रं!”

“आत्या, त्या ग्रीसच्या!”

“कुटल्या का असंनात! लेकी-बाळीच न्हवं?”

हिंदुरावाचा चेहरा पडला. “तरीच क्लॅरोनेट सकाळधरनं फुसफुसतंय! नऊ ओट्या झाल्याबिगर आमी वाजिवनार न्हाय!”

तिकडं मुहूर्त टळत होता. सासरे आप्पा मुहूर्ताच्या बाबतीत लई कडक. अक्षता वेळेवर पडल्या नाहीत तर मुलगी परत घरात नेईन, असं त्यांनी बैठकीतच बजावलं होतं.

“नावं घिऊन ओटी भराय लागती,” आत्या म्हणाली. “सांग नावं.”

डिक्शनरीतली दोनच आठवली. “क्लिओ... युरेनिया...”

“आन ऱ्हायलेल्या सात?”

“त्या आपल्याच!” मी ठोकून दिलं.

आत्याला हिशेब पटला. पण खण सातच होते. तिनं माझ्या फेट्याकडं पाहिलं.

“आत्या, न्हाय हं!”

टर्रकन फेट्याचे दोन तुकडे झाले! क्लिओबाई आणि युरेनियाबाई तृप्त झाल्या, मी बोडका झालो. बोडका नवरदेव म्हणजे अपशकुन, म्हणून हिंदुरावानं आपली टोपी माझ्या डोक्यावर ठेवली. तिच्यावर बाशिंग काही ठरेना, ते आत्याच्या पिशवीत गेलं. घोडं ढिम्म हलेना, म्हणून मी उडी टाकून पळत सुटलो. टोपी काढताना हिंदुरावानं धरायला दिलेलं क्लॅरोनेट हातात तसंच!

मांडवाच्या दारात आप्पांनी मला अडवलं.

“ओ बँडवाले! भाईरच थांबा. आदी नवरदेवाला यिऊ द्या!”

नऊ बहिणींनी मिळून माझे बारा वाजवले ते असे! मागून धापा टाकत आलेल्या आत्यानं ओळख पटवली तेव्हा कुठं मी पाटावर उभा राहिलो. मंगलाष्टकं संपली, अंतरपाट सरला. नवरीनं, मुक्ताबाईनं, हार घालायला मान वर केली, टोपी वाचली आणि तिचे डोळेच भरून आले.

“मास्तर हायती म्हनले हुते की!” ती हळूच म्हणाली.

त्यानंतर वर्गात कुणी म्युझिकचा अर्थ विचारला तर मी ‘संगीत’ एवढंच सांगायचो आणि फळा पुसायचो.