कुमजाच्या हातचं मीठ

सकाळी कुमजाने अंगणातल्या टबातलं कोबीचं एक पान उचललं, वाकवलं, तर ते कट्कन मोडलं. काल संध्याकाळी मिठात घातलेला कोबी एव्हाना ओल्या फडक्यासारखा वाकायला हवा होता. हा तर अजून शेतात उभा असल्यासारखा ताठ!

"अहो, मी काल मीठ घातलं होतं ना?"

"घातलंस की, नेहमीसारखं," वर्तमानपत्रामागून तिचा नवरा दोकफाल म्हणाला. "हात सैल सोडून."

मिठाच्या बाबतीत कोरियातल्या अख्ख्या हेनाम तालुक्यात आपल्या हाताला तोड नाही, असं निदान कुमजाचं तरी मत होतं. हिवाळ्याची किमची, म्हणजे कोबीचं तिखट लोणचं, घालायला दुपारी थोरल्या जाऊबाई मिरचीचा मसाला घेऊन येणार होत्या. आपण कधी चुकतोय याची त्या तीस वर्षं वाट बघताहेत, याबद्दल तिला शंका नव्हती. 'कुमजा म्हातारी झाली, मीठ विसरली' हे गावभर करायला त्यांना एक फोन पुरला असता!

तिने पुन्हा मीठ पेरलं. पान नरमलं. हुश्श करून ती डुकराचं मटण शिजत लावायला आत गेली. बाहेर येऊन बघते तो पान पुन्हा ताठ. मग मात्र तिचं डोकं फिरलं. आत जाऊन तिने थेट मीठवाल्याला फोन लावला.

"मेल्या, मीठ दिलंस की वाळू?"

"काकू, समुद्राचंच आहे हो! टबात कुणी गोडं पाणी तर सोडलं नाही ना? मिठाने कोबीतलं पाणी बाहेर येतं. गोडं पाणी मिळालं की पठ्ठ्या ते पिऊन परत फुगतो."

"पाणी कोण सोडणार? घरात आम्ही दोघंच तर..."

कुमजा थांबली. खिडकीतून तिला टबापाशी दोकफालची पाठ दिसली, आणि हातातला पाण्याचा पाइप.

"अहो!"

पाइप खाली पडला. "अगं, डॉक्टरांनी मीठ कमी सांगितलंय मला."

"मग तोंडाने सांगायचं की!"

"तुला? मिठाबद्दल?"

तिने उरलंसुरलं मीठ पेरलं आणि टबाशेजारी स्टूल टाकून राखणीला बसली. जाऊबाईंनी फाटक वाजवलं तेव्हा पान कसंबसं वाकू लागलं होतं.

कोबी धुऊन, निथळून झाला. रिवाजाप्रमाणे पहिल्या पानात मसाला आणि गरम मटण गुंडाळून कुमजाने जाऊबाईंच्या तोंडात घास दिला. जाऊबाई डोळे मिटून चावत राहिल्या.

"कुमजा, खरं सांगू?"

"सांगा," कुमजा कशीबशी म्हणाली.

"यंदा जमलं गं बाई! तीस वर्षं नुसता खार गिळतेय. घरी गेले की तांब्याभर पाणी प्यायचे. पण तुला सांगणार कोण?"

दोकफालला ठसका लागला. हसावं की रडावं, कुमजाला कळेना. तिने भलामोठा घास गुंडाळला आणि नवरा काही बोलायच्या आत त्याच्या तोंडात कोंबला.

"यंदा जरा वेगळी पद्धत केली, जाऊबाई," ती म्हणाली. मग दोकफालकडे वाकून हळूच पुटपुटली, "पुढच्या वर्षी पाइप जरा लवकर लावा."