स्वादुपिंडातला मुतखडा

फुलसावंगीजवळच्या तांड्यातले शेतकरी धावजी राठोड यांच्या स्वादुपिंडात एक गाठ, कोणाचीही रीतसर परवानगी न घेता, वाढत होती.

मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी समजावलं. सोनोग्राफीची नळी घशातून पोटात उतरवायची, पडद्यावर गाठ पाहत तिला सुई टोचायची आणि कणभर तुकडा काढून तपासायचा. मग गाठीचं नाव कळेल. धावजीला सुईची भीती वाटली, पण बिननावाच्या गाठीची त्याहून जास्त वाटत होती.

खर्च देणाऱ्या सरकारी आरोग्य योजनेच्या खिडकीत अमरबाबू बसत. "काका, आजाराचं नाव लिवा. नावाबिगर सुई मंजूर होत नाही."

"पन नाव तं सुईनंच समजते म्हंते बाई!"

"तो तुमचा घरगुती प्रश्न हाय. डॉक्टरले म्हाईत नसन तं एखाद्या जानत्या मंडळाचा ठराव आना. शिक्का पायजे."

जाणतं मंडळ तांड्यात होतंच. नसाब, म्हणजे पंचांची बैठक, नायकाच्या ओट्यावर भरली. तिनं आजवर शेतांच्या धुऱ्यांची, म्हणजे बांधांची, भांडणं मिटवली होती, मोडलेल्या सोयरिकी सांधल्या होत्या; तिच्यापुढं स्वादुपिंड काय चीज! कोणी पित्त म्हणालं, कोणी नजर. शेवटी देवीलाल नायक खाकरले. "माह्या साडूले असंच दुखे. मुतखडा निंगाला." भराभर हात वर झाले. एकमतात आपलाच हात खाली कायले, म्हणून धावजीनंही वर केला.

ठरावावरचा शिक्का पाहून अमरबाबूंनी योजनेतल्या आजारांची यादी चाळली. मुतखडा होता. तो कोणत्या अवयवात, हे विचारायला रकाना नव्हता. सुई मंजूर झाली.

सुईनं मात्र आपलं काम चोख केलं. "लाखात एखाद्याला होणारी गाठ आहे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "सावकाश वाढते. आत्ता काढली तर तुम्ही मोकळे. पण उशीर करू नका." धावजी आनंदानं रडला.

अमरबाबू रडले नाहीत. "फाइलीत मुतखडा अन् पोटात गाठ? काका, तुमी शासनाची दिशाभूल करून राह्यले. ऑपरेशन पायजे असन तं एक तं मुतखडा दाखवा, नाहीतं हात वर करनाऱ्या कोन्या एकानं लिहून द्यावं, का मले काई समजत नव्हतं. तुमची सही चालत नाही, तुमी लाभार्थी हाय."

कोरा कागद घेऊन धावजी दारोदार फिरला. चहा सगळ्यांनी पाजला. "काका, रगत मांगा, देतो," पुतण्या संजय म्हणाला. "पन समजत नव्हतं असं कसं लिवू? माही सोयरीक चालू हाय."

घरी सुखीबाई भडकली. "आना तो कागद! मले नव्हतं समजत. मले तं कोनी बोलावलंबी नव्हतं!" तिनं नवऱ्याच्या हातून पेन ओढून सही ठोकली. हात वर केलेला नसल्यामुळं अमरबाबूंनी ती नामंजूर केली आणि नवा कागद दिला.

परवा नसाब पुन्हा बसली आणि सुईच चुकली असं एकमतानं ठरलं. सवयीनं धावजीचा हात अर्धा वर गेलाच होता. न बोलावता आलेल्या सुखीबाईनं तो धरून खाली ओढला.

कागद अजून कोरा आहे आणि गाठ वाढते आहे. अमरबाबू म्हणतात, आता बाहेरच्या कोणाचीही सही चालेल, फक्त न समजता हात वर केल्याचा अनुभव हवा. वाचकहो, तुमच्या सोसायटीच्या मागच्या सभेत काय मंजूर झालं, आठवतं का? पेन सुखीबाईकडे आहे.