दत्ताभाऊंच्या गोळीला थांबा नाही

आमचे शेजारी दत्ताभाऊ गोळी गिळण्याआधी तिला हुकूम सोडत, "चला, पुढं सरका!" मग घोटभर पाणी. रत्नागिरी डेपोत जन्मभर एसटीची कंडक्टरकी केलेला माणूस. निवृत्तीनंतर गर्दी उरली ती मधुमेहाच्या गोळ्यांची. तिलाच ते शिस्त लावत.

गोळ्यांची खरी नावं त्यांच्या तोंडात बसत नसत. मेटफॉर्मिन म्हणजे 'डेपो मॅनेजर'. मला समजावून सांगत, "वैनी, लिव्हर हा साखरेचा डेपो. आपण खाल्लं नाय तरी तो गाड्या सोडतच असतो. हा मॅनेजर त्याला सांगतो, जरा कमी सोड." या मॅनेजरनं सुरुवातीला त्यांच्या पोटाचे इतके हाल केले, की गणपतीपुळ्याला जाताना देवाआधी शौचालयाचीच चौकशी करावी लागली. पुढे ती गोळी जेवणाबरोबर घ्यायला लागले, तेव्हा पोट निवळलं.

दुसरी गोळी साखर लघवीवाटे बाहेर टाकणारी. "बिनतिकीट साखर दिसली की उतरवते. पण तिच्या नादात मलाच सारखं उतरावं लागतं. आणि नको तिथे खाज!" हे ते हळदीकुंकवाला आलेल्या बायकांनाही सांगत. आतून त्यांच्या बायकोचा, शालनवैनींचा आवाज येई, "अहो, पुरे!"

तिसरी ग्लिमेपिराइड. तिचं नाव 'घंटी'. "ही स्वादुपिंडाला डबल बेल देते. पोटात पॅसेंजर हायत की नाय, बघत नाय. गाडी सुटली म्हणजे सुटली." ती घेतली की ते ओरडत, "शालन, घंटी दिली गो!" आणि शालनवैनी गरम भाकरी पानात टाकत.

गेल्या वर्षी तापाचं निमित्त होऊन शालनवैनी गेल्या. मूलबाळ नव्हतं. भाऊ एकटे राहिले.

गेल्या महिन्यात शालनवैनींचं वर्षश्राद्ध झालं. भटजी विधी आटोपून पुढच्या घरी गेले. मागच्या दारी चिऱ्याच्या गडग्यावर, कुंपणाच्या भिंतीवर, कावळ्यासाठी पान ठेवलं होतं. कावळा शिवेपर्यंत भाऊ जेवणार नव्हते. पण सकाळची घंटी त्यांनी सवयीनं घेतली होती.

कावळे माडावर बसून ओरडत होते. खाली एक उतरेना. भाऊ हात जोडून उभे होते. "शालन, तुझी अबोली मी जगवीन. तुझ्या बहिणीकडे जाऊन येईन." कावळे ढिम्म. बघता बघता भाऊंचा सदरा घामानं भिजला, हात कापायला लागले.

"भाऊ, बसा आधी," मी म्हटलं.

"पूर्णगड!" ते माझ्यावर खेकसले. "पूर्णगडवाले उतरून घ्या!"

उपाशीपोटी घंटी घेतली की साखर फार उतरून असं होतं, हे त्यांनीच मला ऐकवलं होतं. मी धावत साखरेचं पाणी आणलं. घोटाघोटानं पाजल्यावर त्यांनी मला ओळखलं. रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी खायला घालून दुपारभर ठेवून घेतलं, पुन्हा पुन्हा साखर तपासली. "ही गोळी या वयात नको," ते म्हणाले. "दुसरी देतो. जेवण चुकलं तरी ती साखर अशी खाली नेत नाही."

घरी आलो तर पान तसंच. मुंग्या लागलेल्या.

मी म्हटलं, "भाऊ, वैनींचा जीव तुमच्या जेवणातच अडकला असेल. सांगा त्यांना, मी वेळेवर जेवीन म्हणून. शिवेल कावळा."

भाऊंनी पानावरच्या मुंग्या झटकल्या.

"ते कसं सांगू, वैनी? ती गेल्यापासून ताट वाढून घेतो नि झाकून ठेवतो. घास जात नाय. घंटीच्या भीतीनं टोस्ट तेवढा चहात बुडवून खातो. तिच्याशी खोटं नाय बोललो कधी. आता काय बोलू?"

उन्हं कलल्यावर ते पान आम्ही गाईला घातलं.

आता ते नवी गोळी घेतात. भाऊंना तिचं फार कौतुक. "गरीब हाय हो," म्हणतात, "जेवलं नाय तरी काय बोलत नाय." मी रोज डबा पाठवते. तो धुऊन परत येतो आणि त्यांच्या मागच्या दारी कुत्री जमलेली दिसतात. घंटी होती तोवर तिच्या धाकानं टोस्ट तरी पोटात जात होता. आता त्या घरात दत्ताभाऊंना खायला लावणारं काहीच उरलेलं नाही.