भिकाजीपंतांचा जागा मध

रस्त्यात कुणी ठेचकाळलं की आमच्या शेजारच्या भिकाजीपंतांचा चेहरा उजळायचा. "रक्त आलं का?" असं ते इतक्या आशेने विचारत, की नाही म्हणताना आपल्यालाच ओशाळल्यासारखं व्हायचं. आलं असेल तर कनवटीची मधाची कुपी निघालीच म्हणून समजा.

पंत पेन्शनीत निघालेले शाळामास्तर. मुरबाडकडच्या रानातले ठाकूर आदिवासी कल्याणच्या बाजारात मध आणत, त्यांच्याशी हे तास तास हुज्जत घालत, गूळ कालवलाय म्हणत आणि शेवटी सगळा मध घरी आणत. मात्र निव्वळ मध जखमेवर लावणाऱ्याला त्यांच्या लेखी अक्कल नव्हती. आधी त्यात उकळून गार केलेल्या पाण्याचे चार थेंब पडायलाच हवेत.

"पोळ्यातला मध झोपलेला असतो. पाणी शिंपडल्याशिवाय उठेल कसा?"

उठून तो करतो काय, असं विचारलं की चिडत. एकदा त्यांनी आमच्या गाईच्या मोडक्या शिंगाला मध फासला आणि मुंग्यांनी दोन दिवस त्या गरीब जनावराला सळो की पळो केलं. मी तर त्यांना तोंडावर हसायचो.

मग माझ्या वडिलांच्या, नानांच्या, पायात गंजका खिळा घुसला. जखम चिघळली. आगगाडीने ठाण्याला नेलं, तर तिथला गोरा डॉक्टर म्हणाला, आठ दिवसांत उतार पडला नाही तर पाय कापावा लागेल. पंत न बोलावता आले आणि मी मुकाट्याने पाट मांडला. रोज दुपारी ते जखम धूत, मध उठवत, पट्टी बांधत आणि गावभरच्या गप्पा सांगत. आठव्या दिवशी डॉक्टरने पाय पाहिला आणि कापायचं नावही काढलं नाही. महिन्याभरात जखम भरली. मी पंतांना साष्टांग नमस्कार घातला.

दुसऱ्या दुपारी पंत पुन्हा दारात हजर. आता कशाला त्रास घेता, असं मी म्हणणार, तोच नानांनी पाय पुढे केला आणि चक्क कण्हले. पंतांनी मन लावून पट्टी बांधली.

ते गेल्यावर मी नानांवर उखडलो.

"पाय ठणठणीत आहे ना तुमचा?"

"आहे. पण बायको गेल्यापासून त्या माणसाला कुणी बसा म्हटलेलं नाही. बरा झालो म्हटलं, तर उद्यापासून तो जाईल कुठे?"

पुढे सहा वर्षं, पंत होते तोवर, नानांचा पाय रोज दुपारी दुखत राहिला.