दोन दरवाजांमधला मामा

नव्या शिपायाची तुरुंगातली पहिली सकाळ अगदी सुरळीत चालली होती, ती त्यानं तोंड उघडेपर्यंत.

तोंड उघडलं की नोकरी जाते, हा त्याचा जुनाच अनुभव होता. चपलांच्या दुकानात असताना त्यानं एका बाईंना "हा जोड तुम्हाला चावेल" असं मनापासून सांगितलं, आणि संध्याकाळी मालकानं त्याला मनापासून निरोप दिला. दवाखान्यात नंबर पुकारायला बसवलं, तर हा प्रत्येकाला आधी "आता कसं वाटतंय?" असं विचारायचा आणि उत्तर संपेपर्यंत ऐकायचा. आत डॉक्टर माशा मारत बसलेले, बाहेर निम्मे रोगी नुसतं बोलूनच बरे होऊन घरी गेलेले. तीही नोकरी गेली.

"तुरुंगात गोड बोलावं लागत नाही, तिथे तुमचं निभेल," बायको म्हणाली होती. "ही गेली तर मात्र बाबांच्या रंगाच्या दुकानात बसायचं. त्यांनी स्टूलसुद्धा आणून ठेवलंय."

ते स्टूल त्यानं पाहिलं होतं. रंगाच्या डब्यांच्या मागे, गिऱ्हाइकाला दिसणार नाही अशा बेतानं मांडलेलं. सासरे त्याला चारचौघांत 'जावईबापू' म्हणत, आणि म्हणताना छताकडे बघत. तेव्हा काहीही झालं तरी तोंड उघडायचं नाही, असं ठरवूनच तो घरातून निघाला होता.

त्याला नेमलं होतं फाटकावर. तुरुंगाला फाटकं दोन. एक बाहेरच्या रस्त्याकडे उघडणारं, एक आतल्या आवाराकडे, आणि दोहोंच्या मध्ये एक गाडी जेमतेम मावेल एवढी दगडी जागा. तिथे ज्या हवालदारांचं राज्य होतं त्यांना सगळे अडसर म्हणत, अगदी त्यांची बायकोसुद्धा. दोन्ही फाटकांच्या किल्ल्या त्यांच्याच कमरेला.

"एक उघडं तर दुसरं बंद," अडसरांनी समजावलं. "आतलं उघडायचं तर मधे परका माणूस नको. मुंगी असली तरी तिचा परवाना बघायचा. दोन्ही एकदम उघडली तर मग तुरुंग कशाला म्हणायचं, धर्मशाळाच म्हणा."

नव्या शिपायानं नुसती मान हलवली. अडसरांना तो आवडला.

एवढ्यात आतून मामा आला. मामा म्हणजे घरफोडीच्या धंद्यातला जुना माणूस. शिक्षा संपवून आज सुटत होता. अंगावर स्वतःचे कपडे, हातात बोचकं आणि सुटकेचा कागद. आतलं फाटक त्याच्यामागे बंद झालं, कैद्यांतून त्याचं नाव कमी झालं, अडसरांनी बाहेरच्या फाटकातलं छोटं दार उघडलं. बाहेर मामी स्कूटर चालू करून उभी होती.

"जातो साहेब," मामा वाकून म्हणाला.

आता, नव्या शिपायाला वाढवलं होतं आत्यानं. आत्याच्या घरातून 'जातो' म्हणून कोणाची जायची छाती नव्हती. म्हणणाऱ्याला ती उंबऱ्यावरून मागे बोलवायची, पाणी पाजायची आणि 'येतो' म्हणायला लावूनच सोडायची. विजेचं मीटर बघायला येणारा माणूससुद्धा यातून सुटला नव्हता. हाडीमाशी खिळलेली सवय ती.

"जातो काय मामा, असं म्हणू नये," नवा शिपाई मायेनं म्हणाला. "येतो म्हणावं."

अडसरांचा हात किल्लीवरच थांबला. मामाचा उचललेला पाय हळूच खाली आला, पण आतल्या बाजूला. त्यानं बोचकं जमिनीवर ठेवलं आणि दोन्ही फाटकांच्या बरोबर मध्ये त्यावर बैठक मारली.

"झालं," मामा म्हणाला. "आता मी काही जात नाही."

"मामा, पहिला दिवस आहे त्याचा. मनावर घेऊ नका," अडसर म्हणाले.

"माझा शेवटचा होता. मनावर नको घेऊ तर काय करू? गेल्या खेपेला एका शिपायानं नुसतं 'भेटू' म्हटलं होतं. महिना नाही उलटला, भेटलो."

"तो म्हणाला म्हणून नाही भेटलात," बाहेरून मामी म्हणाली. "लोकांच्या खिडकीत शिरलात म्हणून भेटलात. चला, पेट्रोल जळतंय."

"तू स्कूटर बंद कर. हे लांबेल."

नवा शिपाई खाली उकिडवा बसला. "मामा, मी शब्द मागे घेतो."

"मागे घेता येत असता तर मी कोर्टातच घेतला नसता?"

"बरं, मग परत 'जातो' म्हणा. मी काही बोलत नाही."

"आत्ता? तुम्ही मनात भरवून दिल्यावर? आता 'जातो' म्हटलं तर एकदम वरच जायचो. म्हणजे 'येतो' म्हणायची सोय नाही आणि 'जातो' म्हणायची हिंमत नाही. काय माणूस आहात हो तुम्ही."

तेवढ्यात बाहेर दुधाची गाडी येऊन भोंगा वाजवू लागली. मामा मध्ये बसलेला, त्यामुळे तिला आत घेता येईना. आतल्या बाजूला कैद्यांना कोर्टात नेणारी गाडी येऊन उभी राहिली. मामा आता परका माणूस, त्यामुळे आतलं फाटक उघडता येईना. दूध नाही म्हणून आत चहा नाही, चहा नाही म्हणून स्वयंपाकघरात आरडाओरडा, आणि आरडाओरडा ऐकून अधीक्षकसाहेब स्वतः आतल्या फाटकाच्या झडपेशी आले. झडपेतून त्यांच्या फक्त मिशा दिसत होत्या.

"कोण बसलंय ते? उचलून बाहेर ठेवा," मिशा म्हणाल्या.

"साहेब, ते आता कैदी नाहीत, नागरिक आहेत," अडसर म्हणाले. "हात लावला तर तक्रार करतील."

"करीन," मामा म्हणाला.

"मग विनापरवाना तुरुंगात बसल्याबद्दल अटक करा."

मामानं नव्या शिपायाकडे पाहिलं. डोळ्यांत राग नव्हता, नुसतं दुःख. "बघा. अजून बाहेर पाऊलही टाकलं नाही, आणि परत आलोसुद्धा."

असं का झालं ते अडसरांनी झडपेशी वाकून साहेबांच्या कानात सांगितलं. मिशा नव्या शिपायाच्या दिशेला वळल्या.

"त्या नव्याला सांगा," साहेब म्हणाले, "मी आतली फेरी मारून इथे येतोय. तोवर तो माणूस गेलेला आणि हा जागेवर उभा दिसला पाहिजे. नाहीतर याला घरी बसवतो."

घरी नाही, स्टुलावर. नव्या शिपायाच्या नाकात रंगाचा वास भरला. तो मामाच्या पाया पडायच्याच बेतात होता, इतक्यात मामी छोट्या दारातून डोकावली.

"अहो भाऊ, तुम्ही आतून परत 'या' म्हटल्यासारखं झालं म्हणून अडलंय ना? मग बाहेर येऊन 'या' म्हणा. आतल्या 'या'ला बाहेरचं 'या' काटून टाकेल."

मामानं बोटांवर काहीतरी मोजलं. "हिशोबात बसतंय," तो म्हणाला.

नवा शिपाई लगबगीनं छोट्या दारातून रस्त्यावर गेला, वळला, आणि यजमानासारखे हात जोडून म्हणाला, "या मामा. या बाहेर."

मामानं बोचकं उचललं, उजवा पाय आधी टाकला आणि बाहेर आला. लगेच सगळं मार्गी लागलं. दुधाची गाडी आत गेली, कोर्टाची गाडी बाहेर आली, अडसरांनी मोठं फाटक लावलं, छोटं दार लावलं, कड्या सरकवल्या. शांतता पसरली. नवा शिपाई समाधानानं हसला, आणि मग त्याच्या लक्षात आलं की आपण रस्त्यावर आहोत.

त्यानं दार वाजवलं. झडप उघडली.

"काय काम आहे?" अडसरांनी विचारलं.

"हवालदारसाहेब, मी."

"ते दिसतंय. ओळखपत्र?"

"दुपारी देणार आहेत. आतल्या ऑफिसात."

"गणवेश?"

"शिवतायत. आतच."

"नेमणुकीचा कागद?"

"सकाळी तुम्हीच घेऊन आत पाठवलात ना."

"मग तुम्ही कोण?"

"अहो, तुम्ही ओळखता मला."

"मी ओळखतो. पण चेहरा ओळखीचा म्हणून आत घ्यायचं ठरवलं, तर निम्मा गाव यायचा. तुमची ओळख पटवायला ओळखपत्रवाला माणूस आणा."

"साहेबांना तरी विचारा."

"काय विचारू? पहिल्याच दिवशी जागा सोडून रस्त्यावर उभा आहे, घेऊ का म्हणून? ते परत निघालेत बघा तिकडून."

नव्या शिपायानं रस्त्याकडे पाहिलं. सबंध रस्त्यावर माणसं दोनच. मामा स्कूटरवर मागे बसत होता. नवा शिपाई धावला आणि सगळं एका दमात सांगून मोकळा झाला.

"माझ्याकडे कुठलं ओळखपत्र?" मामा म्हणाला.

"हातात काय आहे मग?" मामीनं सुटकेचा कागद हिसकून उलगडला. "फोटो आहे, शिक्का आहे, साहेबांची सही आहे. एवढा ताजा सरकारी कागद अख्ख्या रस्त्यात कोणाकडे नाही. जा, सोडवा त्या गरिबाला."

"पुन्हा त्या दाराशी?"

"परत यायचं नशिबात लिहिलंच असेल तर आत्ताच येऊन टाका. एकदाचं फिटेल."

मामा आला. उंबऱ्याच्या वीतभर अलीकडे उभा राहिला. अडसरांनी कागद उलटसुलट पाहिला, उजेडात धरला. साहेबांची सही होती, तिला नाही कसं म्हणणार?

"यांना कधीपासून ओळखता?"

"सकाळपासून."

"वागणूक कशी आहे?"

मामानं नव्या शिपायाला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. असं न्याहाळणारे त्यानं आयुष्यात पुष्कळ पाहिले होते, त्यामुळे कसं बघायचं हे त्याला ठाऊक होतं.

"माणूस गरीब आहे," तो म्हणाला. "तोंड जरा सैल आहे. संगत चांगली मिळाली तर सुधारेल. एक संधी द्यायला हरकत नाही."

आतून साहेबांच्या बुटांचा आवाज जवळ येत होता. अडसरांनी कडी काढली. नवा शिपाई दारातून वाकून आत शिरला आणि भिंतीला पाठ लावून ताठ उभा राहिला. त्यानं मामाकडे पाहिलं. बोलण्यासारखं खूप होतं, पण त्यानं ओठ घट्ट मिटले आणि नुसते हात जोडले.

दार लागता लागता मामानं फटीतून तोंड घातलं.

"घाबरू नका," तो हलक्या आवाजात म्हणाला. "सुरुवातीचे दिवस जड जातात. कोणाच्या अध्यात नाही की मध्यात नाही, असं राहायचं. वागणूक चांगली असली की लवकर सोडतात."